बोटभर कोरी जागा

कुत्रा भो भो करतो असं ज्याने लिहिलं त्याने कुत्रा ऐकलाच नाय कधी, असं दौलतदादा बोलायचा. कोणी विचारलेलं नसायचं. चहा पिता पिता मध्येच बोलायचा. कमलावहिनी मशीनवर हिंदमाताच्या दुकानातल्या साड्यांना पिको करत बसलेली असायची, ती मान वर न करता विचारायची, "मग काय करतो? इंग्लिश बोलतो?"

"अगं, कोणावर करतो त्याच्यावर आहे ना ते. पोस्टमनवर करतो तो वेगळा. भुकेचा वेगळा. ऑपरेशनमधून शुद्धीवर येतो तेव्हा तर भुंकतच नाय. पावसात फुगलेलं दार असतं ना आपलं, ते ढकललं की कसं करतं, तसा करतो."

"बरं. आता चहा घ्या, साय धरली त्याच्यावर."

असं चालायचं त्यांचं. चाळीस वर्षं चाललं.

दादा परळच्या जनावरांच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. रिटायर झाला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा, तरी कागदावर बॉयच. त्याच्यावरून तो स्वतःच हसायचा, "आमच्यात बॉयचा म्हातारा होतो, मॅन होत नाय." त्याचा बाप रामजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. साच्यांच्या खडखडाटाने रामजीबाबा कानाने पार गेलेले, घरात कोणी ओरडून बोललं तरी हसून मान हलवायचे. आणि त्यांच्या पोटी पोरगा निघाला असा कानाचा. डॉक्टर नळी लावून ऐकायचे, दादा नुसता पिंजऱ्याबाहेर उभा राहून ऐकायचा. "सायेब, सात नंबर दुखतंय म्हणून नाय ओरडत, घाबरलंय म्हणून ओरडतंय," असं सांगायचा. बहुतेक वेळा तसंच निघायचं. कधी कधी चुकायचा पण, खोटं कशाला बोला.

एक सवय होती त्याची, ती इथेच सांगायला पाहिजे. ड्युटीवरून आला की दार वाजवायचा नाही. कडी नाही, बेल नाही, हाक नाही. दाराबाहेर उभा राहून तोंड मिटून छातीतून एक आवाज काढायचा. हुं हुं हुं म्हटलं तर चुकेल आणि गुरगुर म्हटलं तर त्याच्याहून चुकेल. हळू असायचा, दाराच्या आतल्या माणसालाच ऐकू जाईल एवढा. आतून वहिनी बोलायची, "उघडंच आहे." दार खरंच उघडं असायचं, नुसतं लोटलेलं. तरी हा तो आवाज केल्याशिवाय आत यायचा नाही आणि ती "उघडंच आहे" बोलल्याशिवाय राहायची नाही. सासू जिवंत होती तेव्हा कपाळाला हात लावायची, "माणसासारखा ये की रे घरात!"

वहिनी सातवी पास. नायगावच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत तिला अक्षराचं बक्षीस मिळालेलं, स्टीलचा पेला, त्याच्यावर नाव कोरलेलं. दादाची चौथी झालेली, ती पण ढकलून. म्हणून घरात कागदाचं काम सगळं वहिनीकडे. रेशनचा अर्ज, पोराच्या, अजितच्या, शाळेची चिठ्ठी, विहारात कार्यक्रम असला की फळ्यावर लिहायचं, सगळं. तिच्या हातचं लिहिलेलं बघून माणसं विचारायची, छापलंय का. शिकलेल्याची किंमत तिला फार. अजितची दहावीपर्यंतची सगळी पुस्तकं तिने खाकी कव्हर घालून पेटीत ठेवलेली. अजित आता कल्याणला राहतो, विमा कंपनीत आहे, त्याला आठवत पण नाही ती पुस्तकं.

दादा रिटायर झाला आणि गॅलरीत बसून राहायला लागला. जेवायचा नीट नाही, बोलायचा नाही. कबुतरं घुमायला लागली की तेवढा मान वर करायचा. वहिनीला बघवेना. एक दिवस तिने अजितची उरलेली एक वही आणि पेन त्याच्या पुढ्यात टाकलं. "एवढं सगळं मला सांगत असता ना, मग लिहा की. माझे कान सुटतील."

म्हणजे सुरुवात तिनेच करून दिली. हे ती आता सारखं बोलते. मीच दिलेली वही, मीच.

दादाने पहिली गोष्ट लिहिली ती घारीची. संक्रांतीला मांज्याने पंख कापलेल्या घारी दवाखान्यात यायच्या, खोक्यात घालून लोकं आणायची. त्यातल्या एकीची. ती घार ओरडायची ते दादाने लिहिलेलं, शिट्टीत पाणी गेल्यावर पोरगं जोर लावून फुंकतं तशी. वाचनालयात दर महिन्याला बैठक असते, तिथले हितेंद्र सर चांगले माणूस, म्युनिसिपालटीच्या शाळेत मराठी शिकवायचे. ते बोलले, "दौलतराव, या आणि वाचा." दादा गेला. वहिनी पण गेली, चांगली साडी नेसून.

दादा वाचताना मध्येच वही खाली करायचा आणि आवाज काढून दाखवायचा. लोकं हसली. खूप हसली. मागची दोन माणसं तर टाळ्या देऊन हसली. शेवटी पुढच्या रांगेतल्या लतिका मॅडम, शिवाजी पार्कच्या, रिटायर बँकेतल्या, त्या गोड आवाजात बोलल्या, "अनुभव फार वेगळा आहे हं तुमचा. फक्त भाषा जरा शुद्ध करा. आपल्याकडे प्रत्येक प्राण्याच्या आवाजाला शब्द आहे की."

बाईंनी चांगल्या मनानेच सांगितलं. पण वहिनीचे कान तापले. येताना लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून आले दोघं, मिरच्या कुटायच्या डंकाचे दणके चाललेले, मिरचीने नाक झोंबत होतं, म्हणून डोळ्यातलं पाणी तिला लपवता आलं.

दादा खूश. "हसली बघ लोकं! म्हणजे ऐकू आली त्यांना घार."

"हसली ती तुम्हाला हसली," वहिनी बोलली.

"हसूदे की. घारीला थोडीच हसली?"

 ते वहिनीच्या मनात बसलं, घशात काटा बसतो तसं. आपला माणूस चार शिकलेल्या लोकांत उभा राहिला आणि जत्रेतल्या खेळासारखा झाला, असं तिला वाटलं. परत असं होऊ द्यायचं नाही, हे तिने त्याच गल्लीत ठरवलं.

मग चमेलीची गोष्ट.

चमेली ही घोडी, तात्या म्हणून एक घोडागाडीवाला होता गिरगावचा, त्याची. चौपाटीवर फिरवायचा लोकांना. घोडागाड्या बंद झाल्या, आणि त्याच सुमारास चमेलीचा मागचा पाय सुजला, तर तात्याने तिला दवाखान्यात आणून ठेवली. रोज संध्याकाळी यायचा, खिशात गूळ घेऊन. तात्या गेटमधून आत आला की चमेलीला तो दिसायच्या आधीच कळायचं. दादा खरारा करत असला तरी त्याच्या हाताला कळायचं, कारण घोडीच्या छातीत काहीतरी हलायला लागायचं, आणि मग ती तोंड न उघडता तो आवाज करायची. तात्यासाठीच करायची. डॉक्टरसाठी नाही, चारा टाकणाऱ्यासाठी नाही.

पुढे तात्या आजारी पडला आणि यायचा बंद झाला. चमेलीने खाणं सोडलं. दादा दीड महिना तिच्यापाशी बसायचा, ड्युटी संपल्यावर सुद्धा. आणि एका सकाळी दादा बादली घेऊन तबेल्यात शिरला तर चमेलीने तो आवाज केला. दादाला वाटलं तात्या आला. गोष्टीत त्याने लिहिलेलं, "मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं."

बस. एवढीच गोष्ट. पण सगळी गोष्ट त्या आवाजावर उभी. आणि तो आवाज दादाला लिहिता येईना.

चार महिने तो त्याच्या मागे होता. गॅलरीत बसून तोंडाने करून बघायचा, मग कागदावर काहीतरी लिहायचा, मग खोडायचा. वहिनी आतून ओरडायची, "अहो, शेजारची माणसं काय बोलतील! काय घोड्यासारखं फुरफुरताय?"

"फुरफुरणं वेगळं गं. फुरफुरतं ते नाकातनं, कंटाळलं की. हे छातीतनं आहे."

"मग खिंकाळली लिहा. शाळेत नव्हतं का तुम्हाला?"

"ते पण नाय." दादा विचार करून करून बोलायचा. "आवाज लिहायचा तर आधी कळलं पाहिजे तो कोणाला बोलावतो. ते कळलं की मग ज्याने ऐकला नाय त्याला त्याच्या घरातली वस्तू द्यायची, दार दे, शिट्टी दे, पातेलं दे. पण ह्याला मला वस्तूच सापडत नाय."

"नाय सापडत तर सोडा. जेवायला चला."

वाचनालयाचा दिवाळी अंक निघायचा होता. हितेंद्र सर घरी येऊन सांगून गेले, गोष्ट द्या, कागदाच्या एकाच बाजूला, स्वच्छ अक्षरात, सोमवारी माणूस येईल न्यायला. आणि नेमकं त्याच आठवड्यात दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने आधीच कमी दिसायचं. तो वहिनीला बोलला, "कमल, तू उतरव. तुझ्या अक्षरात. जशी आहे तशी."

वहिनी बसली उतरवायला. मशीनवरची साडी बाजूला केली, फळीवर कागद ठेवला. चार पानं झाली आणि ती तिथे आली. "चमेलीने", आणि पुढे कोरी जागा. बोटभर. दोन-तीन शब्द मावतील एवढी. आणि मग, "मी मागे वळून बघितलं."

ती बराच वेळ बघत बसली. दादा खाटेवर झोपलेला, नुकतेच थेंब घातलेले. उठवून विचारायला हवं होतं. एवढं उठवायचं होतं फक्त. पण तिला वाटलं, बिचाऱ्याला शब्द आला नाही. चौथीवाला माणूस, येणार कुठून. लाजेने विचारत पण नसेल.

तिने पेटी उघडली. अजितचं व्याकरणाचं पुस्तक काढलं. त्याच्यात शेवटी तक्ता असतो ना, प्राणी आणि त्यांचे आवाज. कुत्र्याचे भुंकणे. गाईचे हंबरणे. कोंबड्याचे आरवणे. मोराचा केकारव. बोट खाली खाली नेत गेली. घोड्याचे खिंकाळणे. तिने जागेत लिहिलं, "खिंकाळून हाक दिली". सुंदर अक्षरात लिहिलं. "खिं"वरचा अनुस्वार गोल, बारीक, टिकलीसारखा.

आणि एकदा हातात पुस्तक आलंच, तर मग ती मागे गेली. दादाने लिहिलेलं, वॉर्डातला कुत्रा फुगलेल्या दारासारखा करत होता. तिने केलं, कुत्रा भुंकत होता. दादाने लिहिलेलं, कबुतरांचा आवाज पातेल्यात पाणी उकळायच्या आधी येतो तसा. तिने केलं, कबुतरं घुमत होती. अशी सात-आठ ठिकाणं. तिला वाटत होतं आपण नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करतोय. चुरगळलेला घालून जायचा, आता नीट जाईल. कोणी हसणार नाही.

सोमवारी माणूस येऊन घेऊन गेला. दादाने विचारलं, "जशी होती तशी दिलीस ना?"

"त्याच्याहून चांगली दिली," वहिनी बोलली. दादा हसला. त्याला वाटलं ती अक्षराचं बोलते.

अंक निघाला त्या दिवशी वाचनालयात दादाला वाचायला उभं केलं. डोळा बरा झालेला, नवीन चष्मा. वहिनी पुढच्या रांगेत बसली ह्यावेळी, मुद्दाम. दादाने वाचायला सुरुवात केली. कुत्र्याच्या जागेपाशी तो थोडा अडखळला, लोकांना वाटलं चष्मा नवीन आहे. पुढे गेला. कबुतरापाशी परत अडखळला. मग त्याचा आवाज सपाट झाला, रेल्वेची अनाउन्समेंट होते तसा. आणि मग ती जागा आली.

"चमेलीने," दादा बोलला, आणि थांबला. चष्मा काढला. शर्टाला पुसला. परत घातला. कागदाकडे बघितलं. मग वाचलं, "खिंकाळून हाक दिली. मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं."

कोणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या. लतिका मॅडम उठून येऊन बोलल्या, "काय सुधारली हो भाषा! खूप मेहनत घेतलीत." दादाने हात जोडले. वहिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येताना तिने शंभर ग्रॅम पेढे घेतले.

घरी दादाने अंक बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला. मग पेढा हातात घेऊन बसला. बोलला, "अक्षर चांगलं आहे तुझं. एक पण चूक नाय."

वहिनीला वाटलं कौतुक केलं.

नंतर दादाने लिहिलं नाही. वही तशीच. वहिनी विचारायची, "घुबडाची लिहिणार होतात ना, ते खिडकीत अडकलेलं?" तर बोलायचा, "सुचत नाय आता." ती बोलायची, "सुचेल." दादा कुत्र्यांबद्दल बोलायचा पण बंद झाला. चहा प्यायचा, ग्लास विसळून ठेवायचा. रागावला असता तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत तो तिच्यावर दोनदाच रागावलेला, आणि दोन्ही वेळा लगेच कळलेलं. ह्यावेळी कळलंच नाही, कारण तो रागावलाच नाही. त्याला वाटलं असेल, शिकलेल्या बाईने केलं म्हणजे तेच बरोबर असेल. घरात सातवी पास एकच होती ना.

बाहेरून आला की दारात मात्र तो आवाज करायचा. ते नाही सुटलं. भाजी घेऊन आला तरी करायचा.

मागच्या वर्षी गणपती गेले, लालबागची गर्दी ओसरली, रस्त्यावरचे बांबू निघाले, आणि चौथ्या दिवशी दादा गेला. दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही. हार्ट. जलदान विधीला माणसं जमली, दवाखान्यातली पण आली. एक डॉक्टर, आता म्हातारे झालेले, ते वहिनीला बोलले, "दौलतसारखा कान आम्हाला नंतर मिळाला नाही हो."

पुढे महिन्याभराने वहिनीने खाटेखालचं खोकं काढलं. त्याच्यात दवाखान्यातले रद्दीचे केसपेपर, एका बाजूला छापलेले. मागच्या बाजूला दादाचं अक्षर. पानंच्या पानं. सगळी त्या एका आवाजाची.

हुंहुंहुं, खोडलेलं. व्हूर्र, खोडलेलं. म्हंऽह्हंऽ, खोडलेलं. झाकण ठेवलेल्या डाळीसारखा, खोडलेलं. शेजारच्या खोलीत कोणीतरी मशीन चालवतं तसा, ह्याच्यावर दोनदा रेघ. कमलच्या मशीनसारखा, हे नीट खोडलेलं नव्हतं, अर्धंच. आणि सगळ्यात पहिल्या पानावर, सगळ्यात वर, "खिंकाळली." त्याच्यावर काट. बाजूला लिहिलेलं: "खिंकाळते ती लांबच्याला. ही जवळच्याला."

वहिनी पानं उलटत राहिली.

शेवटच्या कागदावर दोन ओळी होत्या. "हा आवाज मला येतो. रोज दारात करतो, कमल ओळखते. लिहायला अक्षर नाय. जागा तशीच सोडतो, वाचणाऱ्याने आपल्या दारातला घालावा."

चाळीस वर्षं तिने तो ऐकला. चाळीस वर्षं त्याला जबाब दिला. आणि गॅलरीत बसून तोच माणूस तोच आवाज करत होता तेव्हा ती आतून बोलली, काय घोड्यासारखं फुरफुरताय. दारात ओळखायची, गॅलरीत नाही ओळखला. ती बोलते, मी दार बघून ओळखत होते म्हणजे, त्याला नाही.

वर्षश्राद्ध आपल्यात नाही, पण पुण्यानुमोदन ठेवतात वर्षाचं. हितेंद्र सर आले, बोलले, "वहिनी, चमेलीची गोष्ट छोट्या पुस्तिकेत छापू, त्या दिवशी वाटू." वहिनी बोलली, छापा, पण अंकातली नको. वहीतली. आणि मग तिने सगळं सांगितलं त्यांना, पुस्तक, तक्ता, शर्टाची इस्त्री, सगळं.  सर बोलले, "तो तक्ता मी तीस वर्षं शिकवलाय, वहिनी. दोन मार्कांना यायचा."

वहिनीने परत उतरवायला घेतली. ह्यावेळी दार ते दार, पातेलं ते पातेलं. दादाच्या चुकीच्या वेलांट्या पण तशाच ठेवल्या. त्या जागेपाशी आली आणि थांबली. अजित आलेला कल्याणहून, तो बोलला, "आई, थांब, मोबाईलवर असतात घोड्यांचे आवाज." त्याने लावले. एकामागून एक घोडे ओरडले त्या दहा बाय बाराच्या खोलीत. शेजारची विचारायला आली, काय झालं.

"हे खिंकाळणं झालं," वहिनी बोलली. "हे पण. हे फुरफुरणं. कंटाळलाय तो."

"मग तू करून दाखव ना. तुला तर माहितीये."

वहिनीने तोंड मिटलं. छातीतून काढायला गेली. खोकल्यासारखं काहीतरी झालं. परत केलं. डोळ्यात पाणी आलं पण आवाज आला नाही. अजित बोलला, "राहूदे, आई." बाबांचा तो आवाज त्याला पण माहीत होता, कोणीच रेकॉर्ड करून ठेवला नाही. लग्नाचे, वाढदिवसाचे, सगळे व्हिडिओ आहेत. दारातला एक नाही. दारात येणाऱ्या माणसाचा व्हिडिओ कोण काढतं?

तिने जागा कोरी सोडली.

दोन दिवसांनी डीटीपीवाल्या दीपकचा फोन आला. "काकी, चौथ्या पानावर मजकूर राहिलाय तुमचा."

"राहिला नाय. तसंच आहे ते."

"लोकं बोलतील प्रिंटिंगची चूक आहे. टिंबं टाकू का?"

"नको रे बाबा. टिंबं शिवीला टाकतात."

"मग रेघ मारू खाली? गाळलेल्या जागा भरा असते तशी?"

"दीपक," वहिनी बोलली, "मी एकदा भरलीये ती जागा. आता नाय भरायची कोणी. कोरी ठेव. बोटभर."

"कोणाच्या बोटाएवढी, काकी? माझी बोटं जाडी आहेत."

ती हसली. वर्षात पहिल्यांदा. मग चालत गेली त्याच्या दुकानात वही घेऊन, आणि स्क्रीनला बोट लावून दाखवलं. एवढी.

पुण्यानुमोदनाला चाळीतल्याच खोलीत चटया टाकल्या. वंदना झाली, त्रिशरण झालं. दाराबाहेर चपलांचा ढीग. दार लोटलेलं, पंख्याने हलत होतं. हितेंद्र सर फोटोपाशी उभे राहून पुस्तिका वाचायला लागले. फुगलेलं दार आलं तेव्हा दोघंतिघं हसली, त्यांच्या घरी पण आहे तसं दार. वहिनी पण हसली. पातेलं आलं. तात्या आला, गूळ आला, तात्या यायचा बंद झाला. 

"मी बादली घेऊन तबेल्यात शिरलो," सर वाचत होते. "चमेलीने"

आणि सर थांबले. जागा जेवढी होती तेवढं थांबायचं ठरलेलं, पण ते त्याच्याहून जास्त थांबले. कोणी खोकलं नाही. पंखा फिरत होता. वहिनी मांडीवर हात ठेवून खाली बघत बसलेली. तिला पण नाही कळलं तोंडातून कसं गेलं.

"उघडंच आहे," ती बोलली.

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. अजितने पण. सरांनी पण कागदावरून मान वर करून बघितलं, मग परत खाली केली, आणि पुढची ओळ वाचली.

"मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं."